पहिलं माप

आज हसू येतं गो, पण तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. मी शाळेची पायरी चढलेली नाही. नातीला, चिंगीला, मोजणं शिकवलं ते करवंटीने तांदूळ मापायला लावून. आपण पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. तीही तशीच शिकली.

बालवाडीत नाव घालायला गेलो. बाईंनी मणी पुढे ठेवले. चिंगी मोजू लागली, “लाभ, दोन, तीन...”

सून माझ्यावर उखडली, “आई, तुमी ह्या काय शिकवलास? आता तिका घेतीत काय?”

बाईंच्या वडिलांचं कट्टा गावच्या बाजारात तांदळाचं दुकान, हे आम्हाला कुठे ठाऊक? बाईंनी पोरांची रांग लावली, चिंगीला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मोजायला सुरुवात केली, “लाभ...”