माझ्यासाठी घेतलेली गाडी

तुम्हाला सांगते, माझे पाय अधू, पण लेकीला अंगणवाडीत मीच सोडावं म्हणून आम्ही बॅटरीची गाडी घ्यायला कापूरहोळला गेलो. मला घराच्या दारातून निघेल अशी अरुंद, बॅटरीवरची चाकाची खुर्ची आवडली.

सासूबाई म्हणाल्या, "हिच्यावर दुधाची किटली कुठं ठिवायची? ती मोठी तीनचाकी घ्या."

"आत्या, ती घरात न्हाई यायची."

"मग ऱ्हाईल की गोठ्यात!"

दुकानदारानं मान डोलावली, ह्यांनी मोठीच घेतली. गोठ्यापर्यंत मला उचलून न्यायला सकाळी कुणाला सवड नसते. त्यामुळं हेच तिच्यावर बसून किटली डेअरीला आणि लेक अंगणवाडीला पोचवतात.

परवा शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस गं! बायकोसाठी एवढं कोण करतंय?"