कॉन्ट्रॅक्टवरचा कॉम्प्युटर

नाही नाही, आज हात नका लावू त्याला – बसा, चहा येतोय – आज गुरुवार. चाकणला कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, तर यालाही सुट्टी. बत्तीस वर्षं कंपनीच्या प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशिनांचा मेंटेनन्स केलाय मी, भाऊ. मशिनला आठवड्याचा आराम दिला नाही की मशिन रुसतं. दुरुस्तीचं तुमचं शिक्षण वेगळं, मान्य, पण हे रजिस्टर बघा – ब्रेकडाऊन रजिस्टर. काल, बुधवार, नऊ वाजून दहा मिनिटं, बंद. नऊ पन्नास, बंद. चाळीस मिनिटं चालतो आणि मान टाकतो. फॅन घरघरायला लागला तेव्हा मीच खोलला, दोन थेंब मशिन ऑइल सोडलं – काय झालं? दोन म्हणजे, वाटीतले होते ते दोन. बरं, वाटी. पण फॅन कसा गप झाला. नंतर फिरलाच नाही, ते सोडा.

तुम्ही म्हणाल, मग नवीन घ्या. ठरलं होतं हो. मागच्या रविवारी निरोप समारंभसुद्धा केला त्याचा – हसू नका – तेरा वर्षं नोकरी केलीय त्यानं. माझ्या पोरीचा, आम्रपालीचा, अख्खा डिप्लोमा याच्यावर झाला. आता ती चाकणच्या एका साचे बनवणाऱ्या टूलरूमची ड्रॉइंग घरून करते, तेही याच्यावर. तर म्हटलं रीतीनं करू. बिल्डिंगमधली माणसं बोलावली, समोसे आणले, याला शाल घातली, गुलाब ठेवला, आणि मी भाषणाला उभा राहिलो. शालीनं मागची जाळी झाकली गेली, तापला, आणि भाषण चालू असतानाच बंद पडला. आमचे शेजारी बुद्धरत्न म्हणाले, गहिवरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मंगळवारी नव्याचं तुमचं कोटेशन आलं. बत्तीस हजार. आमच्याकडं आहेत पंधरा. मग काय करायचं? परत बोलावला त्याला. कॉन्ट्रॅक्टवर. रोजचे चार तास, ओव्हरटाइम नाही, शाल परत घेतली. आता टूलरूमचे साहेब म्हणालेत, सोमवारी सकाळी दहाला ड्रॉइंग आलं नाही तर काम दुसरीकडं देऊ. पोरगी रडत नाही हो, ते बरं नाही. चाळीस मिनिटं झाली की श्वास धरून बसते नुसती.

आमची बायको, जाईबाई, म्हणते, एवढा जीव कशाला त्या डब्यात. आता तिला काय सांगू – मलाही तसंच परत बोलावलं होतं ना. साठाव्या वर्षी शाल, घड्याळ, ग्रुप फोटो, सगळं झालं, आणि आठव्या दिवशी फोन – ज्ञानदेव, चार नंबरची प्रेस तुझ्याशिवाय ऐकत नाही. गेलो. कॉन्ट्रॅक्टवर अकरा महिने गेलो. आणि एक दिवस गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा. शर्टाला पुसून लावलं, लाल. सिक्युरिटीवाला म्हणाला, काका, बाजूला व्हा, मागं लाईन आहे. झालं. कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून कुणी सांगितलंसुद्धा नाही. चार नंबरची प्रेस त्या दिवशी चालली असणार, दुसरं काय. मग मी – हळू बोलतो, ती आत आहे – मी पुढचे बारा दिवस डबा घेऊन निघायचो. काळेवाडीतून बस धरायची, चाकणला उतरायचं, गेटसमोरच्या टपरीवर बसायचं, एक वाजता डबा खायचा, शिफ्ट सुटली की लाईनीबरोबर परत. मधला गुरुवार घरी राहिलो, बाराव्या दिवशी मात्र वारच विसरलो, तर टपरीवालाच म्हणाला, काका, आज गुरुवार आहे, कंपनी बंद. तेव्हा थांबलो. ती अजून समजते, मीच सोडलं. तुम्ही चहा घेताना काही बोलू नका.

काय म्हणालात? तुमच्याकडं एक जुना आहे? कंपनीतून निघालेला, चांगला चालतो, वर्षाची गॅरंटी – आणि पंधरात बसतो? हे आधी सांगायचं ना, राव. थांबा पण. कंपनीतून निघालेला म्हणजे रिटायरच की तो. त्याला निरोप दिला होता का कुणी? असं हो कसं, तुम्हाला माहीत नाही म्हणजे? चालतोय अजून आणि काढून टाकला? आणा, आणा त्याला. शनिवारी आणा, म्हणजे पोरगी रविवारी बसेल, सोमवारी दहाच्या आत ड्रॉइंग जाईल. आमच्याकडं त्याला पर्मनंट घेऊ.

आणि याचे पाचशे देता. भंगारातच जाणार, नाही का? माहितेय मला. मी काय लहान आहे. द्या पाचशे, पोरीची ड्रॉइंग पेनड्राइव्हवर आहेत, आत्ताच घेऊन जा – शनिवारपर्यंत ठेवला तर माझं मन बदलेल. पोरीचं काम महत्त्वाचं.

तेवढं एक करा, बटण दाबून चालू करून द्या. हो, आज सुट्टी आहे, मीच म्हणालो. तरी करा. चाळीस मिनिटं चालतो, मला पाच पुरतात. याला गेटवर कळायला नको, मी स्वतः सांगणार आहे.

तुम्ही बाहेर थांबा जरा. दार ओढून घ्या.