गुबूच्या आत कोण आहे

नाही, मला एक सांगा, ज्याला पापणीच नाही त्याच्यावर माणसानं विश्वास कसा ठेवायचा? मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसणं हा माझा धंदा. तिरळे बघितले, घारे बघितले, मोतीबिंदूवाले बघितले, कुणाबद्दल तक्रार नाही. पण त्या सगळ्यांची पापणी लवते हो. याची लवत नाही. याची म्हणजे गुबूची... तुमच्या घरात चार वर्षांचं पोर नसेल तर तुम्ही सुटलात, तुम्हाला गुबू कशाला माहीत असेल? कार्टून आहे. पिवळं, गोल, मान नाही आणि डोळे बशीएवढे. आता हा प्राणी कोणता म्हणाल तर बायको म्हणते अस्वल, सासूबाई म्हणतात बेडूक असावा, आणि आमची ठमी दोघींकडे कीव केल्यासारखं बघून म्हणते, “गुबू आहे.”

तर हा घरात शिरला कसा? मेव्हण्याच्या कृपेनं. ठमीच्या वाढदिवसाला त्यानं पिवळा शर्ट आणला, छातीवर हे एवढं तोंड. मी लगेच म्हटलं, हे मूल आहे, जाहिरातीची भिंत नाही, असले कपडे आपल्या घरात नकोत. तर सासूबाई सुपारी कातरावी तशा थंडपणे म्हणाल्या, “जावईबापू, कपडाच तर आहे.” बायको म्हणाली, “तुमच्या बनियनवर कंपनीचं नाव आहे, ते?” मी म्हटलं, ते आतून असतं, कुणाला दिसत नाही. “मग तिलाही आतून घालू,” म्हणाली. आता या वादात माणूस जिंकणार कसा, तुम्हीच सांगा.

आणि एकदा आला की तो एकटा राहतो का? शर्टामागून चड्डी आली, चड्डीमागून टोपी, टोपीमागून टॉवेल, मग उशीचा अभ्रा. मी दाढी करतोय आणि आरशात माझ्या खांद्यावरून टॉवेल माझ्याकडे बघतोय. दोरीवर शर्ट वाळत घातला की त्यात वारा शिरायचा, पोट फुगायचं, आणि आत कुणी नसताना ते तोंड हळूहळू माझ्याकडे वळायचं... इस्त्री करायला घेतला तर डोळ्यांवरून इस्त्री फिरवायला माझा हात धजेना. बायको म्हणाली, “द्या इकडे. कपडाच तर आहे.”

बरं, इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण पुढं काय झालं, ऐका. पोरीनं नावाला ओ देणं सोडलं. “ठमी, जेवायला ये,” शांतता. “ठमे, ए ठमे,” शांतता. “गुबू, जेवायला ये,” की धावत हजर. आणि मग एके दिवशी सकाळी मला जाग आली तर पलंगाशी ही उभी. पिवळा शर्ट घालून. डोळे ताणून, हे एवढे करून, माझ्याकडे बघतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण पापणी लवत नाही. मी म्हटलं, काय झालं गं? तर म्हणते, “गुबू डोळे मिटत नाही.” तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय, डोळे मिटा, उघडा, मिटा, उघडा... आणि माझीच पोर मिटेना. बायकोला म्हटलं, आता तरी काढा ते कपडे घरातून. ती म्हणाली, “अहो, जितकं नको म्हणाल तितकी ती चिकटेल. चार दिवसांनी आपोआप विसरेल.” बोलणं शहाणपणाचं होतं, नाही कसं म्हणू? फक्त ते चार दिवस काही संपत नव्हते.

अशात एका रविवारी मोठ्या दुकानात गुबू स्वतः येणार म्हणून जाहिरात लागली. म्हणजे पोशाख घातलेला माणूस हो, मुलांशी हात मिळवायला. गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? गर्दी ही एवढी, ठमीचा हात माझ्या हातात, बायको पिशवी सांभाळतेय, मी जरा हात सोडून खिशातला फोन काढला आणि परत हात पुढं केला तर... हवा.

दारावरच्या वॉचमनकडे धावलो. त्यानं विचारलं, “काय घातलं होतं?” मी म्हटलं, पिवळा शर्ट, गुबूचा. त्यानं नुसता हात फिरवला. मी वळून बघितलं. सगळं दुकान पिवळं. जिकडं बघावं तिकडं तेच तोंड, तेच डोळे, सगळे माझ्याकडे, आणि त्यातला एकही मला ओळखत नाही. मी एकेका खांद्यावर हात ठेवतोय, पोर वळतंय, चेहरा भलताच. पुन्हा खांदा, पुन्हा भलताच. एक आई माझ्या अंगावर धावून आली, “ओ, कुणाच्या मुलीला हात लावता?” तिचं काय चुकलं? तेवढ्यात भोंग्यावरून बाई सांगायला लागल्या, गुबूचा शर्ट घातलेली मुलगी हरवली आहे... तर लोक धडाधड मुली आणून माझ्यासमोर उभ्या करायला लागले. ही का? ही का? सांगतो तुम्हाला, त्यातल्या एकीला बघून, ही माझी नाही, हे कळायला मला क्षणभर थांबावं लागलं. बापाला. थांबावं लागलं.

बायको माझी बाही धरून उभी होती. त्या वेळी ती नुसतं “कपडाच तर आहे” म्हणाली असती ना, तरी मला धीर आला असता.

आणि मग मागच्या जिन्याकडे, जिथं खोक्यांची थप्पी होती, तिथं पायरीवर गुबू बसलेला. हा एवढा, माणसाएवढा. आणि त्याच्या मांडीवर आमची ठमी, त्याच्या पिवळ्या पंजात हात घालून. मी ओरडलो, सोडा तिला. तो घाईघाईनं उठला, हातवारे करायला लागला, आणि शेवटी दोन्ही पंज्यांनी त्यानं आपलं डोकं धरलं आणि काढलं.

आत एक म्हातारेसे गृहस्थ. केस घामानं चिकटलेले, चष्म्यावर वाफ धरलेली. म्हणाले, “साहेब, तुमची का? केव्हाची मला चिकटलीय. बाबा कुठं, असं हळूच विचारलं तर म्हणते, बाबा हरवलेत. आम्हाला बोलायची परवानगी नाही, आणि या तोंडातून मला फक्त जमीन दिसते, म्हणून म्हटलं, एका जागी बसून हात तरी धरून ठेवावा.” आणि माझ्याकडे बघून त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. बायको त्यांच्या पाया पडायला वाकली, तेच संकोचून मागं सरले. मी म्हटलं, काका, दुकानावर या, वाफ न धरणारी काच बसवून देतो. दुसरं काय बोलणार? पोर हरवली त्या शर्टामुळं आणि त्या शर्टामुळंच ती भरवशाच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसली. आता मी वाद घालायचा कुणाशी?

ठमी रडली नाही. ती काकांकडे बघत होती, मग पायरीवर ठेवलेल्या डोक्याकडे, मग परत काकांकडे.

घरी आल्यावर तिनं शर्ट आपणहून काढला आणि आईच्या हातात दिला. “नको. त्यात काका आहेत.” चड्डी नको, टोपी नको, टॉवेलसुद्धा नको. सगळं कपाटात गेलं. बायको म्हणाली, “झालं समाधान?” झालं की. जिंकलो मी.

पण आता ती आमच्याकडे बघते. परवा जेवताना उठली, माझे दोन्ही कान धरले आणि वर ओढायला लागली. “बाबा, डोकं काढ ना.” मी म्हटलं, अगं निघत नाही ते. “आत कोण आहे?” सासूबाई पोट धरून हसल्या, त्यांचा नंबर येईपर्यंत. दुकानात आणली तर गिऱ्हाइकांच्या मानेला शिवण शोधते. आणि खोटं कशाला बोलू, हल्ली दाढी करताना मीही हनुवटीखाली जरा चाचपून बघतो...

काल मी तिला जवळ घेतलं, नीट समजावलं. म्हटलं, बाळा, आत बाबाच आहे, दुसरं कुणी नाही. तिनं विचार केला. म्हणाली, “मग बाहेर कोण आहे?”

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, जा, आईला विचार.

म्हणाली, “विचारलं. आई म्हणते, लग्न झाल्यापासून ती पण तेच बघतेय.”