आत्यानं मागितला चांदीचा मायक्रोवेव्ह

झोप? कसली झोप! तुम्हाला सांगते, त्या रात्री मी नुसती छताकडे बघत पडले होते आणि डोक्यात एकच चक्र... उद्या अख्ख्या चर्चच्या बायका जेवणार, त्यांचं जेवण गरम होणार, आणि ते कशात? तर माझ्या मायक्रोवेव्हमध्ये! ज्यात मी वर्षभर चांदी शिजवतेय त्या!

शिजवतेय म्हणजे काय, ते सांगते. चांदीचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात पेरूच्या पानांचा काढा घालायचा, बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची. जमलं तर पाणी पिवळंधमक होतं, म्हणजे चांदीचे नॅनोकण तयार झाले. नाही जमलं तर करडा गाळ. पिवळं झालं तर पीएचडी, गाळ झाला तर कपाळ! हे कण जखमेच्या पट्टीला लावायचे, जंतू मरतात, असा माझा प्रबंध.

आता हा मायक्रोवेव्ह माझ्या घरचा. विद्यापीठाचं खास यंत्र बिघडलं, त्याचा सुटा भाग ऑकलंडहून येतोय. येतोय म्हणजे काय, येतोच आहे. मग मी घरचाच उचलून प्रयोगशाळेत नेला, त्याच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं 'यात अन्न ठेवू नये', आणि आत, काचेच्या थाळीवर, नखाला लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला. कारण घरगुती मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापत नाही हो! थाळी फिरू द्यायची नाही, आणि बाटली बरोब्बर त्या ठिपक्यावर. बोटभर इकडेतिकडे झाली की गाळ. तो ठिपका शोधायला माझे किती आठवडे गेले, विचारू नका.

आणि शुक्रवारी माझं काम तपासायला विद्यापीठाची समिती येणार. त्यांच्यासमोर पिवळं पाणी दिसलं तर अभ्यास पुढे चालू, नाहीतर मी, लिटियाबाई, परत तावेउनी बेटावरच्या शाळेत, फळ्यासमोर. म्हणजे आता तुम्हाला कळलं, गुरुवारी आत्या आली तेव्हा मी का हादरले ते.

माकेरेटा आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण, चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, आणि आमच्या सुवा शहरात जिला कुणी 'नाही' म्हटल्याचं ऐकिवात नाही अशी. आली ती थेट प्रयोगशाळेतच, मागे तिचा मुलगा आपिसाई, त्याच्या हातात रिकामं खोकं. खोकं बघूनच मी ओळखायला हवं होतं की नाही?

"लिटिया बाळा, केरेकेरे... उद्या मंडळाचं जेवण आहे, आमचा मायक्रोवेव्ह गेला. तुझा दे."

केरेकेरे म्हटलं की संपलं! आमच्याकडे नातलगानं तो शब्द काढला की नाही म्हणायचं नसतं. मी म्हटलं, "आत्या, अगं, यात मी चांदी बनवते."

"चांदी?" आत्याच्या भुवया वर. "घरच्यांना न सांगता?"

"दिसत नाही गं ती. फार बारीक असते."

आपिसाई म्हणाला, "दिसत नाही ती चांदी, आणि दिसत नाही ती पदवी! छान चाललंय तुझं." आतेभाऊच तो, मला चिडवण्याचा त्याला जन्मजात परवाना. मीही म्हणाले, "तुझ्या टॅक्सीचा ब्रेक तरी दिसतो का कुणाला?" ...आणि या भांडणात आत्यानं मायक्रोवेव्हची वायर कधी गुंडाळली ते मला कळलंच नाही! हो म्हणाले का मी? नाही. नाही म्हणाले का? तेही नाही. शिकलेली बाई ना मी! विषारीपणावर तासभर बोलेन, आत्यासमोर चार शब्द फुटत नाहीत.

म्हणून ती रात्र तशी गेली. नवरा बोटीवर, विचारणार कुणाला? उजाडताच, माझ्या चुळबुळीनं नीट न झोपलेल्या चार वर्षांच्या लेकीला, केलेराला, काखोटीला मारलं, बालवाडी बंद होती, आणि चर्चच्या मागच्या अंगणात हजर. वाटेत भाषण पाठ केलं. क्षार, त्वचा, अन्नसुरक्षा... सगळं. आणि तिथे काय? फणसासारख्या त्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली माझा मायक्रोवेव्ह, दार उघडं, उन्हात वाळत!

"काही गरम केलंत का?" मी किंचाळलेच.

"गरम कसलं करणार!" आत्या म्हणाली. " किती घाण ठेवलायस तो. बाहेरचं ते लाल लाल घासलं, आतही थाळीवर कुणाचातरी रंग सांडला होता, तो नखांनी खरवडून काढला. आता बघ कसा लखलखतोय!"

सुटकेनं रडावं की ठिपक्यासाठी रडावं? मी भाषण विसरले. हात जोडले आणि म्हटलं, "आत्या, केरेकेरे, मला तो परत दे. आज माझी परीक्षा आहे."

आत्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "अगं वेडे, मग काल बोलली का नाहीस? आपिसाई, उचल! जेवण आज चुलीवर." केरेकेरे म्हटलं की संपलं, आत्यासाठीसुद्धा! आणि मी रात्रभर कोणत्या शब्दांची जुळवाजुळव करत होते, सांगा!

पण ठिपका? प्रयोगशाळेत परतले तेव्हा समिती यायला तासही उरला नव्हता. मुनेश, आमचा प्रयोगशाळेतला सहकारी, म्हणाला, "जिथे आधी वितळेल तिथे जास्त तापतं. काहीतरी वितळणारं पसर." वितळणारं काय होतं? केलेराच्या डब्यातलं चॉकलेट. मी ते तुकडे तुकडे करून थाळीभर मांडलं, आणि मुनेशनं लाल अक्षरं पुसली गेलेलं दार बघून गंभीरपणे विचारलं, "मॅडम, यात अन्न ठेवायचं नाही ना?" हसू नका! केलेरा मात्र हसत नव्हती. तिचं चॉकलेट डावीकडे मागच्या बाजूला वितळून पसरलं, मी आनंदानं ओरडले, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तापानं फणफणतेय.

"आता मी खाऊ?"

"नाही गं राणी, आता ते कचऱ्यात."

तोंड फुगवून स्टुलावर बसली ती. समिती आली. प्राध्यापक वाकाबुआ, ज्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही, चष्मा पुसत पुढे वाकले. मी बाटली ठेवली. बटण दाबलं. मनात म्हणत होते, करडं झालं तर? ...आणि पाणी पिवळं झालं! तुम्हाला सांगते, असं पिवळं, की मुनेशनं टाळीच वाजवली. वाकाबुआ सरांनी बाटली उजेडात धरली, हुं केलं, सहीसाठी पेन काढलं, आणि चक्क हसले! मग केलेरासमोर गुडघे टेकून बसले, लाडानं विचारलं, "काय गं, मोठी झालीस की तूपण आईसारखी शास्त्रज्ञ होणार ना?"

सगळे हसऱ्या चेहऱ्यानं थांबले. मी डोळे पुसायच्या तयारीत.

केलेरानं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"नको," ती म्हणाली. "मला झोपायला आवडतं."