चष्मा ठेवून गेलेली गुरुबाई

बायकोचं वाचनालयाचं कार्ड बंद करायला मी रांगेत उभा होतो. पुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीच्या हातात एका छोट्या जादूगारणीच्या गोष्टीचा दुसरा भाग होता.

"बरं झालं, परत करतेयस ताई. फारच रटाळ."

"किती वाचलंस?"

"चाळीस पानं. पोरीची जादूच गेलीय, नुसती मुळूमुळू रडते. पहिल्या भागात काय धमाल होती!"

"चाळीस पानांवर निकाल लावलास? पुढे चांगलं उचलतं. मी काल संपवलं. शेवटी तिची गुरुबाई परत येते."

"पहिल्या भागात नदीत बुडाली ती?"

"बुडाली कुठे? काठावर नुसता चष्मा सापडला होता."

"आजी हेच म्हणायची. 'चष्मा काढून ठेवून कुठली म्हातारी मरायला जाते गं? तिला वाट तरी दिसेल का?'"

"हो, अगदी असंच म्हणायची."

"जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात माझ्याशी पैज लावली तिनं, गुरुबाई जिवंतच आहे अशी. दुसरा भाग वाचून दाखव म्हणून मागे लागली होती."

"मग?"

"मी म्हटलं, वाचून झालाय माझा. तू हरलीस. मेली तुझी गुरुबाई."

"अगं, पण तू तर…"

"कंटाळा आला होता गं मला. वाटलं, गप्प बसेल."

"मग आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तू वाचलंयस ना, मग खरंच असेल.'"