चार बोटं गवत

बेंबळीला वेल्डिंगच्या दुकानापुढं नंबर लावून बसलो होतो. शेजारी बांधाला बांध लागून रान असलेले दोघं बांधकरी बसले होते, एक म्हातारा आणि एक तरणा. तरण्याच्या पायाशी जुन्या ट्रॅक्टरची गवत कापायची लांब दातेरी पट्टी होती.

"राजपाल, ह्या भंगाराला आता काय जोडतोस?"

"खाली लोखंडी पाय लावतोय, आबा. पट्टी चार बोटं वरनं चालंल."

"म्हंजे चार बोटं गवत रानातच सोडायचं? आमी इळ्यानं पार जमिनीलगत कापायचो. मागं काडी ऱ्हायली की बाप शिव्या घालायचा."

"म्हणूनच तुमच्या रानाचं टक्कल पडलंय. बुडखा ऱ्हायला तर गवत लवकर फुटतं."

"कुणी शिकवलं? मोबाईलनं?"

"तुमच्या रानानं. दोन वर्सं बघतोय."

"चाळीस वर्सं म्हशी पाळल्यात म्या. मला गवत शिकवू नकोस."

"न्हाय शिकवत. फकस्त तुमची म्हस आवरा. औंदा म्या इळ्यानंच चार बोटं वर कापलंय, तर रोज बांध वलांडून माझ्या फुटलेल्या बुडख्यावर येती."

"जनावराला काय अक्कल असती? उद्यापास्नं दाव्याला बांधून ठिवतो."

"ठिवा की. पण मग तिच्यापुढं टाकायला गवत कुणाच्या रानातलं न्याल?"