पावाची टोपली

२०२३ चा हिवाळा, धान मळून झालं होतं. पोरीचं लग्न पक्कं करायला आम्ही बापलेक ब्रह्मपुरीहून नागपूरला गेलो. होणारे व्याही इटालियन हॉटेलात घेऊन गेले. त्यांच्यापुढे अडाणी दिसायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आधी टोपलीभर पाव आला. मी संपवला. वेटरने दुसरी टोपली आणली. तीही संपवली. तिसरी आली.

“भाऊ, भूक जोरात दिसते,” व्याही म्हणाले.

“आमच्याकडे वाढलेलं टाकत नाई,” मी ताठ्यात म्हणालो.

पोरगी कानाशी लागली. “बाबा, टोपली रिकामी झाली का ते पुन्हा आणतेत. जेवण तं आता येऊन राह्यलं!”

चीज घातलेला पास्ता आला. व्याह्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. “टाकत नाई ना, भाऊ?”

घाम पुसत सगळा खाल्ला. सोयरीक जुळली.

उन्हाळ्यात व्याही आमच्या घरी जेवायला बसले. त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी मी भात वाढला. फिटाफीट झाली.